केमोनंतर सुचेनासं झालंय? स्मरणशक्ती आणि एकाग्रतेची तपासणी कशी करून घ्यावी

केमोची शेवटची सायकल होते, डोक्यावर बारीक केस दिसायला लागतात, तोंडाची चव परत येते. घरातले सुटकेचा श्वास टाकतात. आणि नेमक्या याच सुमारास रुग्ण हळूच सांगायला लागतो, "मला हल्ली सुचतच नाही." कुणाच्या ओठांवर आलेला शब्द बाहेर पडत नाही. कुणाचा किराणा मालाचा साधा हिशोब दोनदा करूनही जुळत नाही. कुणाला चार माणसं एकदम बोलायला लागली की काहीच कळेनासं होतं. मालिका बघताना कालच्या भागात काय झालं ते आठवत नाही, म्हणून टीव्ही बघणंच सोडलेली माणसं मी पाहिली आहेत.

ही तक्रार डॉक्टरांपर्यंत क्वचितच पोचते. ओपीडीत नंबर लागेपर्यंत दुपार होते आणि आत गेल्यावर गाठ, रिपोर्ट, पुढची तारीख एवढ्यातच वेळ संपतो. शिवाय मनात संकोच असतो: जीव वाचला, आता विसरण्याचं काय सांगायचं? वयस्कर रुग्ण असेल तर घरचेच म्हणतात, "वय झालं, होणारच." कॅन्सरच्या रुग्णांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर बसून मी हे इतक्यांदा ऐकलंय की त्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं. ही तक्रार खरी असते. ती तपासता येते. आणि तिच्यामागे पुष्कळदा बरी करता येण्याजोगी कारणं सापडतात. म्हणून ती सांगायलाच हवी.

याला बोलीभाषेत 'केमो ब्रेन' म्हणतात, पण दोष एकट्या केमोचा नसतो. स्तनाच्या कॅन्सरमधल्या टॅमॉक्सिफेनसारख्या हार्मोनच्या गोळ्या, प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये पुरुषी हार्मोन कमी करणारी इंजेक्शनं, डोक्याला दिलेलं रेडिएशन, स्टिरॉइड, भूल, रक्त कमी असणं, झोप मोडणं, भीती आणि खुद्द आजार, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. काही रुग्णांच्या चाचण्या तर केमो सुरू होण्याआधीच अपेक्षेपेक्षा कमी येतात. अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरच्या ५८१ रुग्ण स्त्रिया आणि कॅन्सर नसलेल्या ३६४ स्त्रिया यांची तुलना २०१७ साली प्रसिद्ध झाली. केमोच्या आधीपासून केमो संपेपर्यंतच्या काळात लक्षात येण्याजोगी घसरण रुग्णांपैकी ४५.२ टक्के स्त्रियांनी नोंदवली, तर निरोगी गटात ती १०.४ टक्के होती. सहा महिन्यांनी हेच आकडे ३६.५ आणि १३.६ टक्के होते. म्हणजे काहींचं आपोआप सुधारतं, पण पुष्कळांचं रेंगाळतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, कारण सगळ्यांच्या मनातली भीती तीच असते. हा सहसा अल्झायमर नसतो. अल्झायमरमध्ये नवी गोष्ट डोक्यात टिकतच नाही, त्यामुळे आठवण करून दिली तरी उपयोग होत नाही. इथे गोष्ट आत असते, ती बाहेर काढायला वेळ लागतो. लक्ष विचलित होतं, विचारांचा वेग मंदावतो, दोन कामं एकदम जमत नाहीत. थोडी खूण दिली की "हो हो, आठवलं" असं होतं. हा फरक कुठल्याही एका माणसाच्या बाबतीत तज्ज्ञानेच ठरवायचा, पण रात्रभर घाबरून जागण्याआधी तो माहीत असलेला बरा.

हे दिसलं तर थांबायचं नाही

इथून पुढचं सगळं हळूहळू, आठवड्यांत किंवा महिन्यांत जाणवलेल्या बदलांसाठी आहे. बदल काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत झाला असेल तर वही-चाचणी काही नाही, थेट कॅज्युअल्टी. असंबद्ध बोलणं, घरच्यांना न ओळखणं, दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस होणं, फिट येणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं जड होणं, उलट्यांसह प्रचंड डोकेदुखी, ताप आणि भ्रम एकत्र: यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन करा. सोबत फाइल न्या आणि शेवटची केमो कोणती व कधी झाली ते पहिल्याच वाक्यात सांगा. आयफॉस्फामाइड किंवा जास्त मात्रेतलं मेथोट्रेक्सेट अशा काही औषधांनी उपचार चालू असताना किंवा पुढच्या काही दिवसांत अचानक भ्रम होऊ शकतो. वॉर्डात असाल तर सिस्टरना लगेच सांगा, सकाळच्या राऊंडची वाट बघू नका.

वयस्कर माणसांमध्ये एक प्रकार हमखास नजरेतून सुटतो. ते बडबडत नाहीत, उलट अगदी गप्प होतात, पेंगतात, हाक मारली तर उशिरा "हं" म्हणतात. घरचे म्हणतात, "थकलेत, झोपू द्या." कालपर्यंत गप्पा मारणारे आजोबा आज असे झाले असतील तर तो थकवाच आहे असं धरून चालू नका. जंतुसंसर्ग, सोडियम उतरणं, कॅल्शियम वाढणं, लघवी अडणं, औषधाचा डोस जास्त होणं, यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं, आणि वेळेत उपचार मिळाले तर पुष्कळदा माणूस पूर्ववत होतो.

पायरी १: जमल्यास उपचारांआधीच एक नोंद

उपचार अजून सुरू व्हायचे असतील तर तुमच्या हातात एक संधी आहे. आत्ता एक छोटी चाचणी झाली की पुढे तुलना करायला आधार मिळतो. आधीचा आकडाच नसेल तर नंतरचा आकडा पाहून घसरण झाली की नाही हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. मूळचा हुशार, हिशोबात पक्का माणूस बराच घसरूनही 'नॉर्मल'च्या आत राहू शकतो.

६५ वर्षांपुढच्या व्यक्तीला केमो देण्याआधी स्मरणशक्तीची छोटी चाचणी करावी, असं अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे. कारण व्यवहारी आहे. केमोच्या काही गोळ्या घरी घ्यायच्या असतात, ठरलेले दिवस घ्यायच्या आणि ठरलेले दिवस बंद ठेवायच्या. तिथे विसर पडून डबल डोस गेला तर धोका मोठा असतो. आजी-आजोबांच्या गोळ्यांची जबाबदारी कुणाकडे हे पहिल्या दिवशीच ठरलं पाहिजे. "आपटेकाका स्वतःच घेतात सगळं व्यवस्थित" अशा कौतुकावर हे सोडू नये.

संपूर्ण मेंदूला रेडिएशन द्यायचं ठरलं असेल तर रेडिएशनच्या डॉक्टरांना एक प्रश्न आधी विचारा: "स्मरणशक्तीच्या भागाला वाचवून शेक देता येईल का, आणि मेमँटिन (स्मृतिभ्रंशात दिलं जाणारं औषध) चालेल का?" मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग टाळून रेडिएशन आणि सोबत मेमँटिन दिलं तर स्मरणशक्ती अधिक टिकते, हे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं आहे. प्रत्येक गाठीच्या बाबतीत ते शक्य नसतं. पण विचारायची वेळ रेडिएशनच्या आधीचीच.

उपचार सुरू होऊन गेले असतील तर मन खट्टू करून घेऊ नका. आजची नोंद ही उद्यासाठी 'आधीची' नोंदच असते.

पायरी २: दोन आठवड्यांची वही

"विसरायला होतं" एवढं सांगितलं तर डॉक्टर मान डोलावतात आणि गोष्ट तिथेच संपते. त्यांना हवं असतं ते काय, कधी, किती वेळा. म्हणून एक शंभर पानी वही घ्या आणि दोन आठवडे लिहा. रुग्णाला लिहायचा कंटाळा असेल तर सुनेने, मुलाने, जो जवळ असेल त्याने लिहावं. नोंद साधारण अशी असावी:

"मंगळवार, सकाळी ११. बँकेत स्लिप भरताना तारीख चुकली, मग रक्कम अक्षरात लिहिताना गोंधळले. मागे रांग होती. घरी येऊन शांतपणे भरली तेव्हा बरोबर आली."

"गुरुवार, संध्याकाळ. फोडणी टाकली आणि फोन वाजला. बोलून परत आले तर फोडणी करपलेली. याच आठवड्यात दुसऱ्यांदा."

"शनिवार. रात्री दोनदा जाग आली, घाम फुटला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं जड."

या तीन नोंदींतून जाणकार माणूस बरंच वाचतो. पहिलीत घाईगडबडीत चूक होते आणि शांततेत होत नाही, म्हणजे अडचण लक्षाची आणि वेगाची दिसते. दुसरीत एका कामावरून दुसऱ्यावर जाऊन परत येणं जमत नाहीये. तिसरीत झोप आणि गरमीच्या लाटा यांचा धागा सापडतो, आणि तो हार्मोनच्या गोळीपर्यंत जाऊ शकतो.

वहीच्या मागच्या पानावर तीन गोष्टी लिहून ठेवा: केमो-रेडिएशनच्या तारखा, चालू असलेली सगळी औषधं (आयुर्वेदिक काढे, झोपेच्या गोळ्या आणि 'मेडिकलवाल्याने दिलेली' सर्दीची गोळीसुद्धा), आणि रुग्ण आधी कोणती कामं सहज करत असे. भिशीचे हिशोब ठेवणारी बाई, तोंडपाठ पोथी म्हणणारे आजोबा, दुकानाचा माल डोक्यात ठेवणारा माणूस. या आधीच्या उंचीवरूनच घसरण मोजायची असते.

एक विनंती. ही वही परीक्षेची उत्तरपत्रिका करू नका. "बघ, आज पुन्हा विसरलीस" असं रोज ऐकणारा माणूस आणखी गांगरतो आणि मग खरंच जास्त चुकतो.

पायरी ३: ओपीडीत विषय कसा काढायचा

पुढच्या फॉलोअपला आत गेल्या गेल्या सांगा, उठताना दारात नको. अमेरिकेतल्या कॅन्सर केंद्रांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये उपचारानंतरच्या रुग्णाला विचारायचे प्रश्न अगदी साधे आहेत: एकाच वेळी दोन-तीन कामं करायला किंवा लक्ष द्यायला त्रास होतो का? गोष्टी लक्षात ठेवायला त्रास होतो का? विचार करायला आधीपेक्षा जास्त वेळ लागतो का? डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्हीच या तीन प्रश्नांची उत्तरं देऊन टाका, वहीतली दोन उदाहरणं दाखवा आणि सरळ विचारा, "याची तपासणी कुठे होईल?"

काही ठिकाणी तुमच्या हातात प्रश्नावली दिली जाते. त्यातली एक, ईओआरटीसी क्यूएलक्यू-सी३०, ३० प्रश्नांची असते. तिच्यातले दोनच प्रश्न लक्ष आणि स्मरण यांबद्दल आहेत, आणि ते गेल्या आठवड्यापुरते विचारतात. दुसरी, फॅक्ट-कॉग, खास याच तक्रारीसाठी आहे आणि ३७ प्रश्नांची आहे. प्रश्नावली भरताना "बरं आहे" असं सभ्यपणाने लिहू नका. आपल्याकडे डॉक्टरांपुढे तक्रार करणं उद्धटपणाचं वाटतं, त्यामुळे पुष्कळ जण सगळीकडे 'अजिबात नाही' वर खूण करतात आणि बाहेर आल्यावर रडतात. भाषा कळत नसेल तर मराठी प्रत आहे का विचारा. नसेल तर सिस्टर किंवा मेडिकल सोशल वर्कर वाचून दाखवतील.

पायरी ४: चाचणीआधी रक्त आणि गोळ्या

माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा याच पायरीवर होतो, आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते. मेंदूची महागडी चाचणी करण्याआधी डॉक्टरांशी या गोष्टी बोलून घ्या.

हिमोग्लोबिन आणि सोडियम पाहिलं आहे का? सिस्प्लॅटिन, विंक्रिस्टिन, सायक्लोफॉस्फामाइड अशा औषधांनी सोडियम उतरू शकतं, आणि सोडियम उतरलं की माणूस मंद होतो. कॅन्सर हाडांत असेल तर कॅल्शियम पाहावं लागतं. थायरॉइड पाहिलं का? तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे रुग्ण आपल्याकडे तंबाखूमुळे खूप, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या मानेला रेडिएशन मिळालेलं असतं. त्यानंतर थायरॉइड हळूहळू कमी पडू शकतं, कधी कधी काही वर्षांनी. म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करायची असते. इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारे उपचार) घेतलेल्यांचंही थायरॉइड बघावं लागतं. वजन वाढणं, थंडी सोसेनाशी होणं, आवाज घोगरा होणं आणि विसरणं एकत्र दिसत असेल तर हा विषय जरूर काढा. बी-१२ कमी असणं शाकाहारी घरांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत नेहमीचं आहे, आणि ते भरून काढता येतं.

मग गोळ्या. ट्रॅमाडॉल आणि मॉर्फिनसारखी वेदनाशामकं, हातापायांच्या मुंग्यांसाठी दिलेलं प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन, झोपेसाठीचं क्लोनाझेपाम, ॲलर्जीसाठीचं एव्हिल: यातल्या प्रत्येकाने गुंगी येऊ शकते आणि दोन-तीन एकत्र आली की ती वाढते. स्टिरॉइडने झोप उडते. पुष्कळदा असं होतं की एका डॉक्टरांनी एक गोळी दिली, दुसऱ्यांनी दुसरी, आणि कधी बंद करायची ते कुणीच सांगितलं नाही. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत भरून न्या आणि टेबलावर ठेवा. पण स्वतः काहीही बंद करू नका. क्लोनाझेपाम किंवा स्टिरॉइड एकदम थांबवणं धोक्याचं असतं, आणि दुखणं अंगावर काढलं तर एकाग्रता आणखी जाते.

झोप आणि मन यांचंही इथेच बोला. उदासी, धास्ती, पहाटे तीनला उघडणारे डोळे, हे सगळं स्मरणशक्तीवर उतरतं आणि त्यावर उपचार आहेत. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते.

पायरी ५: चाचणीचा दिवस

दिवस निवडण्यापासून सुरुवात. केमोच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चाचणी नको, कारण केमोआधी दिलेल्या ॲलर्जीच्या इंजेक्शनची गुंगी आणि मळमळ आकडा खाली ओढते. पुढच्या सायकलच्या आधी रक्त द्यायला येता तो दिवस बरा, आणि शक्यतो सकाळची वेळ. सांगलीहून किंवा नांदेडहून रात्रभर गाडीत बसून सकाळी परळला उतरलेल्या माणसाची त्याच दिवशी चाचणी करू नये. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा नातेवाइकांकडे उतरला असाल तर एक रात्र झोप होऊ द्या.

चष्मा न्या. कान तपासलेले असावेत, कारण सिस्प्लॅटिनने ऐकणं कमी होऊ शकतं आणि ऐकूच न आलेला शब्द आठवणार कसा? पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिन किंवा विंक्रिस्टिनने बोटं बधिर झाली असतील तर पेन नीट धरता येत नाही आणि चित्र वाकडं येतं. हे सगळं चाचणी घेणाऱ्याला आधी सांगा, म्हणजे हाताचा दोष डोक्याच्या खात्यावर लागणार नाही.

आत काय होतं? सगळ्यात छोटी चाचणी मिनी-कॉग, तीन मिनिटांची. तीन शब्द सांगतात, मग घड्याळ काढायला लावतात, मग तेच तीन शब्द विचारतात. ५ पैकी ३ पेक्षा कमी आले तर पुढे तपासायचं.

थोडी मोठी ती मोका. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये डॉ. झियाद नसरेद्दीन यांनी ती तयार केली आणि २००५ साली प्रसिद्ध केली. ३० गुण, साधारण दहा मिनिटं. मराठीतही ती आहे, तीच मागा. समोर एक कागद येतो. त्यावर आकडे आणि अक्षरं आलटून पालटून जोडायची, एक ठोकळा बघून काढायचा, सांगितलेली वेळ दाखवणारं घड्याळ काढायचं. प्राण्यांची नावं सांगायची. पाच शब्द ऐकून दोनदा म्हणायचे, आणि मग ते बाजूला ठेवून दुसरीच कामं सुरू होतात: आकडे सरळ आणि उलट म्हणणं, १०० मधून ७ वजा करत जाणं, वाक्य जसंच्या तसं परत म्हणणं, एका मिनिटात एका अक्षराने सुरू होणारे जमतील तितके शब्द सांगणं. मग अचानक ते पाच शब्द विचारतात. इथे बऱ्याच जणांचा चेहरा पडतो. घाबरू नका, थोडं थांबा, डोळे मिटा. खूण देऊन आठवलेल्या शब्दाला गुण मिळत नाही, पण तपासणाऱ्याला ती माहिती मोलाची असते.

नातेवाइकांनी खोलीबाहेर थांबावं. आत बसलंच तर हूं की चूं करायचं नाही. "अगं, सांग ना, तुला येतंय" असं म्हणणारा नवरा चाचणी बिघडवतो, प्रेमापोटी का होईना. आणि चाचणीचे कागद इंटरनेटवरून काढून घरी सराव करून घेऊ नका. पाठ केलेल्या उत्तरांनी आकडा चढतो, डोकं तिथेच राहतं आणि खरी अडचण झाकली जाते.

पायरी ६: आकडा कसा वाचायचा

मोकामध्ये २६ किंवा जास्त म्हणजे ठीक, असं मूळ चाचणीत धरलं आहे आणि बारा वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण असेल तर एक गुण वाढवून देतात. पण ही सीमा मॉन्ट्रियलच्या माणसांवर ठरली आहे. चौथी शिकलेल्या, आयुष्यभर शेतात राबलेल्या मावशींना ठोकळा काढता आला नाही तर त्यावरून मेंदू बिघडला असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्यांनी पेन कधी हातात धरलं होतं? शिक्षण कमी असणाऱ्यांसाठी मोका-बेसिक नावाची वेगळी आवृत्ती आहे. उत्तर भारतात निरक्षर लोकांसाठी एमएमएसई या जुन्या चाचणीचं हिंदी रूप १९९५ सालीच तयार झालं, ते हरियाणातल्या बल्लभगडच्या खेडुतांमध्ये काम करूनच. म्हणजे अडचण जुनी आहे आणि माहीत असलेली आहे. फॉर्मवर शिक्षण आणि घरात बोलायची भाषा नीट लिहिली आहे ना, ते बघा. घरी अहिराणी, कोकणी किंवा माडिया बोलणाऱ्या माणसाची चाचणी पुस्तकी मराठीत झाली तर तेही लिहून ठेवायला सांगा.

आता महत्त्वाचं. आकडा कमी आला तर तो निदान नव्हे, पुढे तपासायला हवं एवढाच त्याचा अर्थ. आणि आकडा चांगला आला तर तक्रार खोटी ठरत नाही. या छोट्या चाचण्या मुळात स्मृतिभ्रंश ओळखण्यासाठी बनल्या आहेत. केमोनंतरची बारीक घसरण त्यांच्या जाळ्यातून निसटते, विशेषतः एमएमएसईच्या. शांत खोलीत, एकच माणूस समोर, एका वेळी एकच काम, अशा ठिकाणी तुम्ही पास होता आणि ऑफिसात फोन, मेल आणि साहेब एकदम आले की कोलमडता. "तुमचे २८ आलेत, काही झालेलं नाही, घरी जा" असं कुणी म्हणालं तर वही पुढे करा आणि सविस्तर तपासणीची चिठ्ठी मागा. तो तुमचा हक्क आहे.

पायरी ७: सविस्तर तपासणी

ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारायला लाजू नका. मेडिकल कॉलेजांच्या मानसोपचार विभागांत आणि मोठ्या रुग्णालयांच्या न्यूरोलॉजी विभागांत अशी व्यवस्था असते. मुंबईत परळला टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयापासून केईएम रुग्णालय तर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आपल्याकडे बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या संस्थेने २००४ साली तयार केलेला चाचण्यांचा संच बराच वापरला जातो आणि त्यात वय, शिक्षण आणि लिंग यांनुसार भारतीय माणसांचे आकडे तुलनेला आहेत. कॅन्सर आणि बुद्धी यांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने २०११ साली शब्दांची यादी शिकून आठवणं, आकडे-अक्षरं जोडणं आणि अक्षरावरून शब्द सांगणं अशा तीन चाचण्या तरी घ्याव्यात असं सुचवलं. बैठक दोन-तीन तासांची असू शकते. मध्ये विश्रांती मागा, डबा न्या.

अहवाल हातात आल्यावर निव्वळ आकड्यांवर समाधान मानू नका. विचारा: माझं काय शाबूत आहे, काय कमी आहे, आणि माझ्या कामात त्याचा काय परिणाम होईल? शाबूत काय आहे हे कळणं उपचारांसाठी तितकंच लागतं, कारण पुढची सगळी बांधणी त्याच्यावर होते.

दरम्यान आणि त्यानंतर

सगळ्यांना लागू पडेल अशी खात्रीची गोळी आज नाही. 'ब्रेन टॉनिक' म्हणून विकलं जाणारं चूर्ण घेण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा, कारण काही वनस्पती केमोच्या औषधांच्या आड येतात. उपयोगी पडतं ते कंटाळवाणं वाटणारं काम: ठरलेल्या वेळी झोप, झेपेल तितकं चालणं, एका वेळी एकच काम, औषधांचा वारांचा डबा, मोबाइलचे गजर, किल्ली आणि चष्म्याची एकच जागा. संगणकावरच्या प्रशिक्षणाने तक्रारी कमी झाल्याचं ऑस्ट्रेलियातल्या २४२ रुग्णांच्या अभ्यासात २०१७ साली दिसलं. सायकॉलॉजिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्याबरोबर आपल्या रोजच्या कामांवरच सराव करता आला तर फार चांगलं. पैशांबाबत मात्र लगेच सावध व्हा: मोठ्या रकमेचा व्यवहार, यूपीआयवर आलेली अनोळखी विनंती, सही करायचा कागद, हे काही महिने घरातल्या दुसऱ्या विश्वासू माणसाला दाखवूनच. नोकरीवर परतताना पहिले काही आठवडे अर्धा दिवस किंवा कमी जबाबदारी मिळावी, असं पत्र डॉक्टरांकडून घ्या.

लहान मुलांचं गणित वेगळं आहे. रक्ताच्या कॅन्सरमध्ये पाठीच्या मणक्यातून मेथोट्रेक्सेट मिळालेलं किंवा डोक्याला रेडिएशन मिळालेलं मूल उपचारांच्या वेळी ठीक दिसतं आणि अडचण काही वर्षांनी उघडी पडते, जेव्हा अभ्यास वाढतो. फळ्यावरचं उतरवून घ्यायला उशीर, गणितात मागे पडणं, पेपर अर्धवट राहणं. शाळा त्याला 'आळशी' म्हणते आणि घरी मार बसतो. अशा मुलाची चाचणी उपचार संपल्यावर एकदा, आणि नंतर पाचवी, आठवी अशा वळणांवर पुन्हा व्हायला हवी. टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळी ओपीडी आहे. तिचा फॉलोअप "आता काय, बरा झालाय" म्हणून सोडू नका. परीक्षेत जास्त वेळ मिळण्यासाठी प्रमाणपत्र लागलं तर त्याला महिने लागतात, म्हणून दहावीचं वर्ष उजाडायची वाट न बघता नववीतच शाळेशी बोला.

मोठ्यांची चाचणी साधारण सहा महिन्यांनी पुन्हा करा आणि तेव्हा मोकाची दुसरी आवृत्ती वापरायला सांगा, नाहीतर मागचे शब्द आठवून आकडा फुगतो. पहिला कागद फाइलमध्ये वर लावून ठेवा. उपचार संपून वर्ष झालं तरी सुधारणा नाही, किंवा मध्येच उतरण लागली, ओळखीच्या रस्त्यावर चुकायला झालं, तेच तेच प्रश्न पुन्हा विचारायला लागले, तर न्यूरोलॉजिस्टला दाखवा आणि मेंदूचा एमआरआय लागेल का ते विचारा. जाताना दोन्ही चाचण्यांचे कागद, गोळ्यांची पिशवी आणि ज्याने वही लिहिली तो माणूस सोबत न्या.